बंबाच्या पाण्याची आंघोळ

नाशिककरांच्या आंघोळीवर मी माझा संसार उभा केला. नवरा लवकर गेला. पदरात दोन मुलं होती. माहेरी कुणी ये म्हणालं नाही, सासरी कुणी राहा म्हणालं नाही. मी रविवार कारंज्याजवळ फुटपाथवर प्लॅस्टिकच्या बादल्या मांडून बसले. उन्हात बादलीचा रंग उडतो, म्हणून बादल्या सावलीत ठेवायची आणि ऊन स्वतःच्या अंगावर घ्यायची. आज त्याच भागात माझं दुकान आहे. नळ, शॉवर, गिझर, बेसिन, सगळं मिळतं. दारात मात्र अजून बादल्यांची चळत लावते. गिऱ्हाईक बादलीला टिचकी मारून आवाज ऐकतं, उलटी करून तळ बघतं आणि मग भाव पाडायला लागतं. त्या खेळात मला हरवणारं माणूस अजून माझ्या दुकानाची पायरी चढलेलं नाही.

आंघोळ कशी बदलत गेली ते मी दुकानात बसून पाहिलं. माझ्या लहानपणी घराघरांत घंगाळ असायचं. तांब्याचं, रुंद तोंडाचं, दोन बाजूंना जाड कड्या असलेलं. त्यात गार आणि गरम पाणी एकत्र करायचं, शेजारी पाटावर बसायचं आणि तांब्यानं अंगावर घ्यायचं. पुढे पितळी बादली आली, मग पत्र्याची आणि मग प्लॅस्टिकची. लाकडं जाळून पाणी तापवणारा बंब गेला, भिंतीवर गिझर लटकला. न्हाणीचं बाथरूम झालं आणि बसून आंघोळ करणारी माणसं उभ्यानं उरकायला लागली. त्यानंतर गंगापूर रोडला बंगले झाले आणि काही लोक टब मागायला लागले. मी विकले. पण कौतुकानं नेलेल्या त्या टबांचं पुढे काय झालं तेही मला माहीत आहे. एकीच्या टबात गोधड्या भिजतात. एकाच्या टबात नळाचं पाणी भरून ठेवलेलं असतं, कारण महापालिकेचं पाणी कधी दगा देईल सांगता येत नाही. निफाडच्या एका द्राक्ष बागायतदाराला विचारलं तर म्हणाला, "ताई, नातवंडं डुंबतात. आम्ही आपले बाहेर पाटावरच." त्यावरून मी शहाणी व्हायला हवी होते.

माझे वडील पंचवटीतल्या एका धर्मशाळेचे राखणदार होते. आम्ही मागच्या दोन खोल्यांत राहायचो आणि आई यात्रेकरूंना गरम पाणी द्यायची. तिच्याकडे बंब होता. कमरेएवढा, तांब्याचा, तिच्या वडिलांनी तिला लग्नात दिलेला. मधल्या नळीत गोवऱ्या आणि लाकडाच्या ढलप्या पेटवायच्या. एका बाजूनं गार पाणी ओतलं की दुसऱ्या बाजूच्या तोटीतून गरम पाणी यायचं. थंडीत रामकुंडात बुडी मारून लोक ओलेत्यानं कुडकुडत यायचे, दात वाजत असायचे, ओठ निळे पडलेले असायचे. आई त्यांच्या बादल्या भरायची. न्हाणीचं दार लागायचं आणि पहिला तांब्या अंगावर पडला की आतून आवाज यायचा. कुणी देवाचं नाव घ्यायचं, कुणी नुसतं "आहाहा" म्हणायचं. आई तो आवाज ऐकायची आणि पुढची बादली तोटीखाली सरकवायची.

"बाई, अजून अर्धी बादली!"

"आली, आली."

हे तिचं आयुष्य. स्वतःची आंघोळ ती सगळ्यांच्या शेवटी करायची. तोवर विस्तव विझलेला असायचा आणि बंबात जे कोमट उरलं असेल ते तिचं. मी अंथरुणाची वळकटी करेपर्यंत ती बाहेर आलेली असायची. दिवाळीत पहिल्या आंघोळीला मला आणि धाकट्या भावाला ती उटणं लावायची, तेल जिरवायची, डोळ्यांत शिकेकाई गेली तर फुंकर घालायची. आमचं झालं की उटण्याचे हात धुवायची आणि परत बंबापाशी जायची. तिला शांतपणे बसून आंघोळ करताना मी कधी पाहिलं नाही.

वडील गेले, धर्मशाळा सोडावी लागली. भावाला तोवर बरी नोकरी लागली होती. त्यानं नाशिकरोडला फ्लॅट घेतला आणि आईला नेलं. सामान बांधायच्या दिवशी मी गेले. मला भांडी नको होती, आईच्या बांगड्यासुद्धा नको होत्या.

"मला फक्त आईचा बंब दे," मी म्हटलं.

तो हसला. "ताई, तुझ्या दुकानात ओळीनं गिझर टांगलेत. बंब कशाला तुला?"

"माझ्या आईचा आहे म्हणून."

"माझी पण आईच आहे ती. घरातली वस्तू घरात राहू दे ना."

घरातली वस्तू घरात. म्हणजे मी घराबाहेरची. मी जे बोलले ते शेजारच्या खोल्यांतले यात्रेकरू दारात येऊन ऐकत होते. आई मध्ये पडली नाही. चादरीत भांडी बांधत राहिली. पुढे भावानं तो बंब चिंच लावून लखलखीत केला आणि हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवला. वरून त्यात प्लॅस्टिकची सूर्यफुलं खोचली. जिथून विस्तव घालायचा तिथं सूर्यफुलं! भाऊबीजेला जायची तेव्हा मी त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसायची. ओवाळून झालं की चहा न घेता निघायची. त्याला वाटायचं, मी विसरले. मी काहीही विसरत नाही.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी आई भावाच्या बाथरूममध्येच घसरली. कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. भावाच्या इमारतीची लिफ्ट बंद होती आणि ती दुरुस्त करण्यावरून सोसायटीत भांडणं चालली होती. खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार? माझं घर तळमजल्याचं, मागे अंगण. मी तिला माझ्याकडे आणलं. भाऊ "तात्पुरतं" हा शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता.

सांभाळायला एक मावशी ठेवल्या होत्या. हुशार बाई. त्या रोज ओल्या फडक्यानं आईचं अंग पुसायच्या, पावडर लावायच्या, स्वच्छ गाऊन घालायच्या. आई काही बोलायची नाही. दिवाळीही तशीच गेली, पायांना नुसतं उटण्याचं बोट लावून. मग एक दिवस मावशी म्हणाल्या, "झाली आजी आंघोळ!" आणि आई फाटकन बोलली.

"पुसलं म्हणा. आंघोळ नका म्हणू. फरशी पुसत्यात तसं पुसलं."

मावशी बाहेर गेल्यावर मला म्हणाली, "मला एकदा डोक्यावरनं पाणी पायजे गं. चांगलं, भरपूर. घाई नाय, मागं कुणी उभं नाय. तेवढं झालं की मी मोकळी."

डॉक्टरांना विचारलं. जखम भरली होती, बसता येत होतं. ते म्हणाले, आंघोळीला हरकत नाही, पण पुन्हा घसरल्या तर मी काही करू शकणार नाही. मी विचार केला आणि माझ्या डोक्यात आला टब. निजून राहायचं, घसरायचा प्रश्न नाही, गळ्यापर्यंत गरम पाणी. जिनं जन्मभर दुसऱ्यांना गरम पाणी दिलं, तिला राणीसारखं पाण्यात ठेवायचं. आणि खरं सांगायचं तर भावाला ते दाखवायचंही होतं.

त्र्यंबक रोडला एका जुन्या हॉटेलचं नूतनीकरण चाललं होतं. तिथं बिडाचा टब निघाला होता, आतून पांढऱ्या मिन्याचा, भक्कम. ठेकेदार तरुण होता.

"बाई, असा माल आता बघायला मिळत नाही," तो म्हणाला.

"मिळत नाही, कारण कुणी विचारत नाही."

"परदेशी पाहुणे झोपलेत यात."

"मग ते काय वजनात धरायचे?"

"तुम्ही न्याल कसा पण? चार माणसांना हलत नाही."

"तेच म्हणते मी. तुम्हाला उद्या इथं फरशी बसवायची आहे आणि हा मध्ये बसलाय म्हशीसारखा. मी नेते म्हणून तुमचं काम सुटतंय. खरं तर उचलायची मजुरी तुम्हीच द्यायला हवी."

मी दोनदा टेम्पोकडे चालत गेले, दोनदा त्यानं हाक मारली. शेवटी हात जोडून म्हणाला, "न्या हो बाई. वर मजुरी नका मागू फक्त." घरी येईपर्यंत मी खुशीत होते.

टब बाथरूमच्या दारातून जाईना. मग मागच्या अंगणात, पत्र्याखाली, कपडे धुवायच्या जागेत बसवला. चहूबाजूंनी जाड पडदे लावले. दोन्ही गिझर रिकामे करून भरला, गुलाबपाण्याची बाटली ओतली आणि आईला चाकाच्या खुर्चीवरून तिथं आणलं.

तिनं वाफेकडे पाहिलं. "हे काय गं? ढोरांच्या पाण्याची डोण आणली का काय?"

मावशींना हसू आवरेना. मी म्हटलं, "आई, टब आहे. तुझ्यासाठी. यात आरामात राहायचं."

"आन पाणी कुठनं वाहून जातं?"

"नंतर सोडायचं. आधी पडून राहायचं."

"म्हंजी अंगाचा मळ माझ्याच भवती फिरायचा?" तिनं पाण्यात बोटं बुडवली, मग थांबली. "पडून म्हंजी आडवं?"

"हो. पाठ टेकून, आडवं."

तिनं बोटं काढून घेतली. गाऊनला पुसली.

"आडवं निजवून कुणाला आंघोळ घालत्यात, ठावं हाय ना तुला?"

आपल्याकडे माणसाला आडवं ठेवून एकदाच पाणी घालतात, हे मला ठाऊक होतं. वडिलांना तसं घातलेलं मी पाहिलं होतं. आई तेव्हा भिंतीला टेकून बसली होती. नाशकाला बाथरूम विकणारी मी, आणि ती एवढीशी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

"मला जिती असताना आडवी घालू नको," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता.

माझा मात्र चढला. तिच्यासाठी काय काय केलं, किती धावले, कुणाकुणाशी वाद घातला, सगळं काढलं. तुझ्या मुलानं काय केलं, तेही काढलं. बंबात फुलं खोचली, तेवढंच केलं! आईनं मान फिरवली. मावशी खुर्ची ढकलत तिला आत घेऊन गेल्या. मी टबाचं बूच एवढ्या जोरात ओढलं की साखळी तुटून हातात आली. गुलाबाचा वास अंगणातल्या गटारापर्यंत गेला.

पुढचे काही दिवस आम्ही कामापुरतं बोलत होतो. मग एका सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ती भाव ठरवायला बसल्यासारखी उशीला टेकून बसली होती. माझा स्वभाव कुणावर गेलाय ते तेव्हा दिसलं.

"डोणीत मी नाय बसायची," ती म्हणाली. "खुर्चीवर बसून न्हाईन. पण पाणी बंबाचं पायजे."

"गिझरच्या पाण्याला काय झालंय?"

"गरम असतंय. पण त्याला वास नाय. बंबाच्या पाण्याला धुराचा वास असतो. जलमभर लोकांच्या बादल्यांत त्यो वास घातला, माझ्या वाट्याला निस्तं कोमट आलं. एकदा कढत येऊ दे."

म्हणजे मला भावाला फोन करावा लागणार होता. मी दुकानात गेले, दोन गिऱ्हाइकांवर विनाकारण ओरडले आणि मग फोन लावला.

"बंब हवाय. एका दिवसासाठी. आईला आंघोळ घालायची आहे."

तो म्हणाला, "लिफ्ट सुरू झालीय ताई."

"मी बंबाचं विचारलं."

"मी आईचं बोलतोय. बंब घेऊन मी स्वतः येतो. पण आंघोळ झाली की आईला घेऊन जाणार. आणि परत मागायची नाहीस. तिचं जे काय व्हायचं ते माझ्या घरी होईल."

"एका आंघोळीच्या बदल्यात आई मागतोस?"

"लोक मला विचारतात, आई लेकीकडे कशी काय? काय सांगू मी?"

"सांग की तुझी लिफ्ट बंद होती!"

मी फोन गल्ल्यावर आपटला. या बाजारात मी भल्याभल्यांना पाणी पाजलं आहे. समोरच्याला काय हवंय ते ओळखायचं आणि आपल्याला काय हवंय ते दिसू द्यायचं नाही, हे मी फुटपाथवर शिकले. पण माझ्या भावाला माझी गरज पहिल्यापासून दिसत होती.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, राहू दे तो बंब, मी इथंच बरी. ती म्हणाली, "मान्य कर."

"तुला जायचंय?"

"तुझ्याकडं सुख हाय. पण माझं जाणं त्याच्या दारातनं व्हावं, ही माझी लय दिसांची समजूत हाय. आता कुठं बदलू? जाईन मी. पण न्हाऊन जाईन."

माझ्या घरात तिला दिलेलं ताट, पलंग, औषध, रात्रीची जाग, सगळ्याच्या वर तिची ती समजूत होती. मी रागावू शकले असते. रागवायला जागाच सापडली नाही. मी भावाला होकार कळवला. काही घासाघीस केली नाही.

तो रविवारी आला. बंब एका जुन्या चादरीत गुंडाळून आणला होता. सूर्यफुलं काढलेली होती. अंगणात पडद्याबाहेर बंब ठेवून तो गोवऱ्या रचायला लागला. नीट जमेना, धूर डोळ्यांत गेला.

"फुंकर खालून घाल," मी म्हटलं. "वरून काय वाढदिवसाचा केक आहे का?"

"ताई, गप्प बस की जरा."

विस्तव धरला. थोड्या वेळानं तोटीतून वाफाळतं पाणी आलं आणि तो वास आला. तांबं, धूर, गोवरीची राख. आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता उभे होतो.

पडद्याआड आई टबाशेजारी खुर्चीवर बसली होती, अंगावर जुनं सुती लुगडं. भाऊ पडद्याखालून गरम पाण्याची बादली आत सरकवायचा, मी ती टबात ओतायची. गार पाणी मिसळून बेताचं केलं. इतका मिरवून आणलेला टब शेवटी घंगाळ म्हणून उपयोगी पडला. तो काठोकाठ भरला तेव्हा आई बघतच राहिली.

"एवढं पाणी? कुणाकुणाच्या आंघोळी हायेत?"

"तुझ्या एकटीची."

मावशींनी तिच्या डोक्याला तेल लावलं, मी अंगाला उटणं लावलं. तिचं अंग किती लहान झालं होतं. मग मी मोठा तांब्या बुडवून तिच्या डोक्यावर धरला. पाणी केसांतून, कपाळावरून, मिटलेल्या डोळ्यांवरून खाली आलं. दुसरा तांब्या, तिसरा. मग तिच्या छातीतून तो आवाज निघाला, जो ती न्हाणीच्या दाराबाहेरून ऐकत आली होती.

पडद्यापलीकडे बादलीचा आवाज थांबला. त्यानंही ऐकलं होतं.

"पुरे का आई?" मी विचारलं.

"अजून," ती म्हणाली.

मी ओतत राहिले. ती एक हात टबाच्या पाण्यात सोडून बसली होती, आणि टब निम्मा झाला की पडद्याकडे बघून हाक मारायची, "अरे, अजून येऊ दे!" बाहेरून भाऊ म्हणायचा, "आली, आली." खांदे दुखायला लागले तरी मी थांबले नाही. कारण ही आंघोळ संपली की ती जाणार होती. शेवटी तीच म्हणाली, "बास. आता लाकडं वाया नको घालवू."

केस पुसून, नवं पातळ नेसवून भावानं तिला गाडीत बसवलं. बंबातली राख झाडून तोही मागच्या सीटवर ठेवला, आईच्या शेजारी. मी फाटकापर्यंत गेले. आईनं हात बाहेर काढून माझ्या गालाला लावला. हाताला धुराचा वास होता.

थंडी संपायच्या आत ती गेली. सकाळी भावाचा फोन आला आणि मी रिक्षानं निघाले. सगळ्या वाटेत मी एकच गोष्ट घोकत होते. शेवटची आंघोळ हा गिझरच्या पाण्यानं उरकणार, बंब तिकडे फुलं घेऊन उभा असणार, आणि मग मी चार माणसांत काय काय बोलणार आहे. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत माझं सगळं तयार होतं.

इमारतीच्या फाटकाशी उतरले तेव्हा धुराचा वास आला.

पार्किंगमध्ये दोन गाड्या बाहेर काढून जागा केली होती. मध्ये बंब पेटवलेला होता. भाऊ उकिडवा बसून फुंकर घालत होता, खालून. चिंच लावून चकचकीत केलेलं तांबं पुन्हा काळं पडलं होतं. मला बघून तो उठला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, पाणी तापलंय. पहिला तांब्या तू घाल."

चादरींच्या आडोशाला बायकांनी तिला फळीवर आडवी ठेवली होती. मी पाण्यात हात घालून पाहिलं. बेताचं होतं. मी तांब्या बुडवला आणि तिच्या डोक्यावरून सावकाश सोडला. मागं लोक खोळंबले होते, कुणीतरी म्हणालं, आटपा. मी आटपलं नाही.

टब माझ्या अंगणात आहे. बंब अजून त्याच्याकडे आहे. मी तो मागणं सोडलेलं नाही.